न कळणाऱ्याशी वागायचं कसं? : स्तानिस्वाफ लेमचं लेखन



स्तानिस्वाफ लेमचं नाव आपल्याकडे निघालं की साधारण दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, तार्कोव्स्कीचा 'सोलारिस' हा सिनेमा त्याच्या कादंबरीवरून निघाला. दुसरी, या माणसाने आजचं जग साठ वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ही दुसरी गोष्ट जरा जास्तच आवडीने सांगतात. 1961 च्या 'ताऱ्यांवरून परत' या कादंबरीत कागदी पुस्तकं संपलेली आहेत, मजकूर स्फटिकांत साठवलेला आहे आणि लोक तो एका छोट्या यंत्रावर वाचतात. 1964 च्या 'सुम्मा टेक्नॉलॉजिए' या ग्रंथात 'फँटोमॅटिक्स'ची कल्पना मांडलेली आहे. आज ज्याला आपण व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतो, तिचा तिथे अगदी बारकाईने विचार केलेला आहे. तशा कृत्रिम अनुभवातून आपण बाहेर आलो की अजून आतच आहोत, हे माणसाला कशावरून कळणार, हा प्रश्नसुद्धा तिथे आहे.

हे सगळं खरं आहे. पण तेवढ्यासाठी लेमला मोठा म्हणणं म्हणजे एखाद्या वैद्याची त्याच्या अक्षरावरून तारीफ करण्यासारखं आहे. भाकितं बरोबर आली म्हणून कादंबरी मोठी होत नाही. भाकितं जुनी झाली की ती कादंबरीही जुनी होते.

माझं म्हणणं असं आहे की लेमने आयुष्यभर एकच प्रश्न लावून धरला. जे आपल्याला कळत नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही, त्याच्याशी आपण वागायचं कसं? या प्रश्नाला दोन अंगं आहेत. कळतं कुठवर, ही ज्ञानमीमांसेची बाजू. कळत नसताना काय करायचं, ही नीतीची बाजू. लेमवर लिहिणारे बरेच जण पहिल्या बाजूपाशीच थांबतात. कांट आणतात, वस्तू-स्वरूप अज्ञेय आहे म्हणतात, आणि पुस्तक मिटतात. मी स्वतः आयुष्यभर कांट शिकवला, त्यामुळे मला तो मोह जास्त व्हायला हवा. पण लेमचा खरा जीव दुसऱ्या बाजूत आहे असं मला वाटतं, आणि आज तेवढंच दाखवायचा प्रयत्न करणार आहे.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म 1921, ल्वूफ शहरात. ते तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे आणि ल्विव्ह या नावाने ओळखलं जातं. वडील कान-घशाचे डॉक्टर, घराणं ज्यू वंशाचं, घरात धर्माचं फारसं काही नाही. 1939 मध्ये आधी सोव्हिएत फौजा आल्या, 1941 मध्ये जर्मन आले. खोट्या कागदपत्रांवर हा मुलगा वाचला. एका जर्मन कंपनीत मेकॅनिकचं, वेल्डिंगचं काम करत राहिला. युद्धानंतर सगळं सोडून कुटुंब क्राकूफला आलं. तिथे त्याने वैद्यकाचं शिक्षण जवळजवळ पुरं केलं आणि शेवटची परीक्षा मुद्दाम दिली नाही, कारण पास होणाऱ्यांना लष्करात डॉक्टर म्हणून घेत होते. 2006 मध्ये क्राकूफमध्येच वारला. मधल्या काळात त्याने इतकं आणि इतक्या तऱ्हांनी लिहिलं की फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाने 1974 मध्ये एफबीआयला पत्र लिहून कळवलं, की लेम हा एक माणूस नसावा, ती कम्युनिस्टांची एखादी समिती असावी. गंमत म्हणजे अमेरिकन विज्ञानकथालेखकांत लेमला मनापासून मान होता तो या डिकबद्दलच. बाकीच्यांना तो भोंदू म्हणायचा. दुसऱ्याचं मन वाचताना माणूस कसा घसरतो हा ज्याचा जन्माचा विषय, त्याच्या वाट्याला हे यावं!

आता 'सोलारिस'कडे येऊ. 1961 ची कादंबरी. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवावा.

सोलारिस हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह. त्याच्यावर एक महासागर आहे, दाट, चिकट द्रवाचा. खरं म्हणजे दोन सूर्यांमध्ये सापडलेल्या ग्रहाची कक्षा टिकायला नको. ती टिकते, कारण हा सागर ती सांभाळतो. म्हणजे तो जिवंत आहे. म्हणजे त्याला बुद्धी आहे. पण हे 'म्हणजे' कितपत खरं? इथून वादाला सुरुवात होते आणि शंभरावर वर्षं तो वाद चालतो. सागराच्या पृष्ठभागावर प्रचंड आकार उठतात आणि मोडतात. माणसांनी त्यांना नावं दिली आहेत: मिमॉइड, सिमेट्रियाड, असिमेट्रियाड. वर्गीकरणं झाली, पंथ झाले, पंथांत भांडणं झाली, जुन्या पंथाचे लोक म्हातारे झाले. सोलारिसविद्या नावाचं एक शास्त्रच तयार झालं. केल्विन हा नायक अवकाशस्थानकाच्या ग्रंथालयात बसून हे खंड चाळतो, आणि लेम पानंच्या पानं त्या ग्रंथांचा सारांश देत बसतो.

बऱ्याच वाचकांना ही पानं कंटाळवाणी वाटतात. माझ्या मते कादंबरीचा कणा तिथेच आहे. ज्यांनी विद्यापीठात आयुष्य काढलंय त्यांना ती वाचताना हसू येईल, आणि थोड्या वेळाने येणार नाही. बघा, त्या ग्रंथांत खोटं काहीच नाही. मोजमापं बरोबर, चित्रं बरोबर, परिभाषा नेटकी. फक्त एवढंच, की सगळं ग्रंथालय मिळून सागराबद्दल काहीच सांगत नाही. ते सांगतं माणसाला काय काय सुचू शकतं ते.

स्नाउत हा स्थानकावरचा दुसरा शास्त्रज्ञ एकदा हे बोलून टाकतो. आपल्याला दुसरी जगं नकोच आहेत, आरसे हवे आहेत, अशा अर्थाचं. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत होतं की लोक त्यालाच कादंबरीचं तात्पर्य समजतात. मला ते पुरेसं वाटत नाही. आरसा हवा असणं हा मोह झाला. तो मोह ओळखल्यावर पुढे काय करायचं, ते स्नाउतला माहीत नाही. त्याच्यापुरतं ते निराशेचं वाक्य आहे.

कादंबरीत पुढे जे घडतं ते हारेयमुळे. स्थानकावर प्रत्येकाकडे एकेक 'पाहुणा' येतो. सागराने त्या माणसाच्या स्मृतीतून, बहुधा सगळ्यांत दुखऱ्या जागेतून, घडवलेला. केल्विनकडे येते हारेय. दहा वर्षांपूर्वी तो तिला सोडून गेला आणि तिने स्वतःला विषारी इंजेक्शन टोचून जीव दिला, ती. तीच, त्याच वयाची, समोर बसलेली. लेमने तिथे एक तपशील दिलाय, तो फार विलक्षण आहे. तिचा झगा काढता येत नाही. बटणं आहेत, पण ती नुसती शोभेची, उघडणारी जागाच नाही. कात्रीने कापावा लागतो. का? कारण केल्विनच्या आठवणीत झगा आहे, पण तो कसा उघडायचा ते नाही. ती त्याच्या आठवणीइतकीच आहे.

केल्विन काय करतो? पहिल्याच दिवशी तिला फसवून एका रॉकेटमध्ये बसवतो आणि सोडून देतो अंतराळात. आतून ती धातूवर धडका मारते, ते त्याला ऐकू येतं. झोपून उठतो तर दुसरी हारेय समोर. तिला पहिलीचं काही आठवत नाही.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण नीतीचा प्रश्न इथे सुरू होतो. केल्विनचं पहिलं वागणं तर्काला धरून आहे. ही बाई नव्हे, प्रतिमा आहे. सागराने पाठवलेलं एक साधन आहे. साधन टाकून द्यायला हरकत कसली? आणि तरीही ते वाचताना आपल्याला खून झाल्यासारखं वाटतं. लेम एका अक्षराने सांगत नाही की हा खून आहे. तो फक्त त्या धडका ऐकवतो.

हळूहळू हारेयला कळायला लागतं की आपण ती हारेय नाही. ती टेपवरचं बोलणं ऐकते, कळलेलं लपवते, द्रवरूप ऑक्सिजन पिऊन मरायचा प्रयत्न करते आणि तिचं शरीर तिला मरू देत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे ज्या क्षणी तिला कळतं की आपण नक्कल आहोत, आणि ते ती केल्विनपासून लपवून ठेवते, त्या क्षणापासून ती नक्कल राहत नाही. ते लपवणं केल्विनच्या आठवणीत कुठेच नव्हतं. ते तिचं स्वतःचं आहे. शेवटी ती केल्विन झोपेत असताना इतर दोघांच्या मदतीने स्वतःला नाहीसं करून घेते. मागे चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीखाली तिने नाव लिहून खोडलंय, पण ते वाचता येतं: हारेय. मेलेल्या बाईचं नाव आपण लावायचं की नाही, हे तिला ठरवता आलेलं नाही. एका शब्दावरच्या खाडाखोडीत लेमने व्यक्तित्वाचा जेवढा प्रश्न मांडलाय, तेवढा माझ्या विषयातल्या काही जाड पुस्तकांत मला आढळला नाही.

तार्कोव्स्कीबद्दल लेम रागाने बोलायचा. तो स्वतः मॉस्कोला जाऊन भांडून आला होता. 1972 च्या त्या सिनेमाबद्दल त्याचं म्हणणं असं की या माणसाने 'सोलारिस' न काढता 'अपराध आणि शिक्षा' काढलाय. सिनेमा थोर आहे, मला आवडतो. पण लेमचं म्हणणंही समजून घ्या. सिनेमाच्या शेवटी वडिलांचं घर येतं, गुडघे टेकणं येतं. अंतराळ माणसाच्या पापपुण्याचा हिशेब मांडायला वापरलं जातं. म्हणजे शेवटी आरसाच. कादंबरीच्या शेवटी केल्विन सागराच्या काठाशी जातो, हात पुढे करतो. लाट येते, हाताला वेढते, पण मध्ये हवेचा एक पातळ थर ठेवते. स्पर्श होत नाही. चार-पाचदा असं झाल्यावर सागराला त्यात रस उरत नाही. केल्विन तिथेच बसून राहतो. त्याला क्षमा मिळालेली नाही आणि शिक्षाही झालेली नाही. तरी तो परत जाण्याची घाई करत नाही. लाट आणि हात यांमध्ये राहिलेला तो हवेचा थर मान्य करून तिथे थांबणं, हे त्याच्या पहिल्या दिवशीच्या वागण्याच्या अगदी उलट टोकाचं आहे.

हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने हवा असेल तर 'सायबेरियाड' वाचा, 1965 चं. त्रुर्ल आणि क्लापाऊत्सी हे दोन यंत्रमानव-कारागीर त्यात आहेत. एका गोष्टीत त्रुर्लला एक हद्दपार झालेला जुलमी राजा भेटतो. राजाला राज्य परत हवंय. त्रुर्ल भला, त्याला प्रजेची दया येते, म्हणून तो एका पेटीत मावेल एवढं खेळण्यातलं राज्य बनवून देतो. त्यात नगरं, दरबारी, बंडखोर, फटके, रडणं, सगळं आहे. परत येऊन मोठ्या कौतुकाने मित्राला सांगतो. क्लापाऊत्सी हादरतो. तो विचारतो, ते रडतात ते रडल्यासारखं करतात, आणि खरं रडत नाहीत, हे तू कशावरून म्हणतोस? त्रुर्ल सांगतो की मी बनवलंय ना, आत नुसत्या विद्युतकणांच्या हालचाली आहेत. मित्र म्हणतो, मग तुझ्या आत काय आहे? तत्त्वज्ञानात याला 'अन्य मनांचा प्रश्न' म्हणतात. वर्गात तो मांडायला मला तीन तास लागायचे.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. सागराच्या बाबतीत लेम म्हणतो, त्याला तुमच्यासारखं मन आहे असं गृहीत धरू नका. पेटीतल्या प्रजेच्या आणि हारेयच्या बाबतीत म्हणतो, त्यांना मन नाही असंही गृहीत धरू नका. हा विरोध आहे का? वरवर पाहिलं तर आहे. पण दोन्हीकडे मनाई एकाच गोष्टीची आहे: आपल्या सोयीचा निष्कर्ष काढून मोकळं होण्याची. समोरच्याचं मन कळत नाही ही सबब दोन्ही बाजूंनी वापरता येते. तो आपल्यासारखाच आहे म्हणून त्याच्यावर हक्क सांगता येतो. तो आपल्यासारखा नाही म्हणून त्याला मारता येतं.

हे लेमला पुस्तकांतून सुचलं नसावं. 1968 ची 'ग्वोस पाना' ही कादंबरी बघा; इंग्रजीत ती 'हिज मास्टर्स व्हॉइस' झाली. हे नाव आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको, घरोघरी तबकड्यांवर तो कुत्रा भोंग्यापुढे बसलेला असायचा. मालकाचा आवाज येतोय एवढं त्याला कळतं, बाकी काही नाही. पोलिश शब्दात आणखी एक छटा आहे, 'पान' म्हणजे मालक, आणि प्रभूही. माझ्या मते ही लेमची सर्वांत मोठी कादंबरी. तिच्यात घटना फार थोड्या आहेत. ताऱ्यांकडून न्यूट्रिनोंच्या रूपात एक संकेत येतोय असं लक्षात येतं. अमेरिकन सरकार नेवाडाच्या वाळवंटात शास्त्रज्ञांना जमवतं. वर्षभर खपून त्या संकेताचा एक लहानसा तुकडा वापरात आणता येतो. त्यातून एक विचित्र पदार्थ तयार होतो, त्याला एक गट 'बेडकाची अंडी' म्हणतो. बस. पुढे काहीच उलगडत नाही. शेवटाकडे असंही सुचवलं जातं, की हा संदेश नसून निसर्गातली एखादी घटनाच असेल.

आपल्याकडे नारळीकरांची 'वामन परत न आला' तुम्ही वाचली असेल. तिथेही एका अज्ञात संस्कृतीचा ठेवा हाती लागतो, पण तो उलगडतो, आणि संकट त्या उलगडण्यातून येतं. लेमकडे उलगडत नाही, आणि संकट तरीही येतं. कारण त्या पदार्थातून अणुबॉम्बपेक्षा भयंकर अस्त्र होईल अशी शंका निवेदक हॉगार्थ आणि त्याचा सहकारी प्रोथेरो यांना येते. ते गुपचूप प्रयोग करतात. अस्त्र होत नाही हे कळेपर्यंत ते कसे जगतात, एकमेकांकडे कसे बघतात, ती पानं कादंबरीतली सर्वांत भेदक. आकाशातून पत्र आलं, आणि आपण त्यात पहिली शोधली ती मारण्याची युक्ती.

या कादंबरीत राप्पापोर्ट नावाचा शास्त्रज्ञ हॉगार्थला एक आठवण सांगतो. 1942. त्याच्या गावात रस्त्यावरून लोकांना पकडून एका तुरुंगाच्या आवारात उभं केलंय. इमारतीचा एक भाग जळतोय. गटागटाने गोळ्या घालताहेत. आपली पाळी यायला काही मिनिटं आहेत. राप्पापोर्ट ठरवतो की तेवढ्या मिनिटांपुरता पुनर्जन्मावर विश्वास ठेवायचा. आपण पुनर्जन्म किती सहज बोलतो! इथे एक नास्तिक माणूस तो उसना घेतोय. समोर एक तरुण, देखणा जर्मन अधिकारी उभा आहे. राप्पापोर्ट मनाशी म्हणतो, मी आता याच्यात जाणार. आणि त्याला त्या अधिकाऱ्याबद्दल एक गोष्ट कळते. तो अधिकारी या लोकांवर ओरडतो, हुकूम सोडतो, पण माणसाने माणसाशी बोलावं तसं एकाशीही बोलत नाही. कारण तसं बोलला तर समोर माणसं आहेत हे मान्य करावं लागेल, आणि मग त्याला हे काम करता येणार नाही.

ताऱ्यांच्या संदेशाच्या कादंबरीत ही आठवण कशाला, असा प्रश्न पूर्वी काही समीक्षकांना पडला. आग्नेश्का गायेव्स्का, वोयचेख ओर्लिन्स्की यांच्या अलीकडच्या संशोधनानंतर तो पडू नये. लेमने 1941 मध्ये ल्वूफमध्ये जे भोगलं त्यातून हा प्रसंग आला असं त्याचे चरित्रकार मानतात. स्वतः लेम त्यावर उघडपणे जवळजवळ कधीच बोलला नाही. 'उंच किल्ला' हे त्याचं बालपणाचं आत्मकथन 1966 मध्ये आलं. त्यात खेळणी आहेत, हलवायाची दुकानं आहेत, शाळा आहे, पण आपण ज्यू होतो हे जवळजवळ नाहीच. जे आत्मचरित्रात आलं नाही ते एका काल्पनिक शास्त्रज्ञाच्या तोंडी आलं. तेव्हा 'परका' हा शब्द लेमच्या लेखनात येतो, तेव्हा तो फक्त दूरच्या ताऱ्यावरचा नसतो. परका म्हणजे त्या आवारात उभा केलेलाही.

यातूनच योगायोगाचं त्याचं वेड समजतं. 1971 च्या 'परिपूर्ण पोकळी' या पुस्तकात न लिहिलेल्या पुस्तकांची परीक्षणं आहेत (पहिलं परीक्षण खुद्द याच पुस्तकाचं!). त्यात एक प्राध्यापक कौस्का आहेत. ते आपल्या जन्माची शक्यता मोजायला बसतात. पहिल्या महायुद्धात एक नर्स चुकून शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरली, लष्करी डॉक्टरने तिला बाहेर काढलं, त्यातून पुढे लग्न. ती दार चुकली नसती तर? असं करत करत ते आदिमानवापर्यंत जातात आणि सिद्ध करतात की आपण असणं अशक्य आहे, भविष्य सांगणं तर त्याहून अशक्य. वाचताना पोट धरून हसायला येतं. पण ल्वूफमध्ये कोण वाचलं आणि कोण नाही, हे बहुतेक वेळा कोण कोणत्या रस्त्याने गेला यावरच ठरलं. हे ध्यानात ठेवून तीच पानं परत वाचा.

1980 च्या दशकातली 'फियास्को' ही त्याची शेवटची कादंबरी. क्विंटा या ग्रहावर माणसांचं जहाज जातं. संदेश पाठवतात, उत्तर नाही. तिथल्या लोकांना बोलायचं नाहीये, हे उघड आहे. पण इतक्या लांब आलेल्यांना नकार हे उत्तर वाटतच नाही. जहाजावरचे लोक दुष्ट नाहीत. शिकलेले आहेत, वाद घालतात, सोबत एक धर्मगुरूही आहे आणि तो बरेचदा सर्वांत शहाणं बोलतो. तरीही पायरी पायरीने ताकद दाखवणं, मग धमकी, मग त्यांचा चंद्र फोडणं. प्रत्येक पायरीला सबळ कारण आहे. शेवटी एक जण खाली उतरतो. क्विंटाचे रहिवासी अखेर दिसतात, आणि हेच ते, असं त्याला ज्या क्षणी कळतं त्याच क्षणी वरून जहाजाचा मारा होतो. शीतयुद्धाचं रूपक म्हणून ही कादंबरी वाचतात, ते बरोबरच आहे. पण मला तिच्यात त्या आवारातला अधिकारी पुन्हा दिसतो, या वेळी सभ्य, सुसंस्कृत आणि संपर्कासाठी आतुर.

आता तक्रारी. भक्तीने लिहिलेली समीक्षा मला नको असते.

लेमच्या जहाजांवर स्त्रिया जवळजवळ नसतातच. 'फियास्को'त तर मानवजातीचं प्रतिनिधित्व करायला निघालेल्यांत एकही नाही. परक्याची एवढी चिंता करणाऱ्याला शेजारची अर्धी मानवजात दिसू नये, हे त्याच्याच कसोटीवर गंभीर आहे. हारेय आहे खरी, पण तिचा निर्णय पडद्याआड होतो, आणि आपल्याला तो केल्विनच्या हातातल्या चिठ्ठीतून कळतो.

दुसरी तक्रार 'सुम्मा'बद्दल. त्यात लेम सांगतो की विज्ञानाचा पसारा माणसांना आवरेनासा झाला की माहितीची जणू शेतीच करायची, सिद्धान्त आपोआप उगवू द्यायचे. लेशेक कोवाकोव्स्की या तत्त्वज्ञाने त्यावर तेव्हाच टीका केली होती, की यात तत्त्वज्ञानाचे प्रश्न तंत्रज्ञानाच्या हवाली केले जाताहेत. लेमने जवळपास तीन दशकांनी त्याला उत्तर दिलं, आपली भाकितं कशी खरी ठरली ते दाखवून. मला ते उत्तर चुकीच्या प्रश्नाला दिलेलं वाटतं. कोवाकोव्स्कीचा आक्षेप भाकितांवर नव्हता. आणि खरं उत्तर लेमपाशी होतं, तीन वर्षं आधी लिहिलेलं. सोलारिसचं ग्रंथालय हेच ते उत्तर: माहिती कितीही पिकवली तरी समज उगवेलच असं नाही. निबंधकार लेमपेक्षा कादंबरीकार लेम अधिक खोलवर विचार करतो, असं माझं मत आहे. तो असता तर हे ऐकून चिडला असता.

दोन प्रश्न लेखी आलेत, तेवढे घेतो.

एका श्रोत्याने विचारलंय की हे सगळं 'नेति नेति'च नाही का? नाही. मोह होतो, पण नाही. उपनिषदात सगळी विशेषणं नाकारत जाता जाता जे उरतं ते तुम्हीच असता. तिथे नकाराच्या शेवटी ऐक्य आहे. लेमकडे नकाराच्या शेवटी तो हवेचा थर आहे. केल्विन एके ठिकाणी अपूर्ण, चुका करणाऱ्या देवाची कल्पना करतो, पण त्या देवात विलीन व्हायचं त्याच्या मनातही येत नाही. आपल्या परंपरेशी तुलना जरूर करा, पण साम्य आधी ठरवून शोधायला जाऊ नका. सोलारिसविद्येत तेच झालं होतं.

दुसरा प्रश्न, हल्ली जी बोलणारी यंत्रं आली आहेत त्यांच्याबद्दल लेम काय म्हणाला असता? त्याच्या तोंडी मी काही घालणार नाही. 'गोलेम चौदा' वाचा. युद्धासाठी बांधलेला महासंगणक युद्धात रस नाही असं सांगतो, माणसांना व्याख्यानं देतो, आणि एक दिवस गप्प होतो. का, ते कोणालाच कळत नाही. आणि त्याच्या शेजारी ती त्रुर्लची पेटी ठेवा. एकीकडे आपण यंत्राला उगाच देव करतो, दुसरीकडे 'नुसत्या विद्युतकणांच्या हालचाली' म्हणून हात झटकतो. या दोन्ही चुका लेमने लिहून ठेवल्या आहेत. तिसरा, बरोबरचा मार्ग त्याने दाखवलेला नाही, आणि मलाही माहीत नाही.

वाचायला सुरुवात 'सायबेरियाड'ने करा, मायकेल कँडेलचं इंग्रजी भाषांतर अप्रतिम आहे. 'सोलारिस'चं 1970 चं इंग्रजी भाषांतर पोलिशवरून नाही, फ्रेंचवरून केलेलं आहे. त्यात हारेयची 'ऱ्हेया' झालीय आणि स्नाउतचा 'स्नो'. लेमला ते अजिबात पसंत नव्हतं. बिल जॉन्स्टनचं 2011 चं थेट पोलिशवरून केलेलं आहे, ते मिळालं तर तेच घ्या. 'हिज मास्टर्स व्हॉइस' मात्र घाईने वाचू नका. पहिली वीस-पंचवीस पानं जड जातात, हॉगार्थ स्वतःच्या क्षुद्रपणाबद्दलच बोलत असतो. ती गाळू नका.